दोन संगणक, एक कीबोर्ड: कळ ऐकतं कोण?

कंपनीचा लॅपटॉप एका बाजूला, स्वतःचा संगणक दुसऱ्या बाजूला, मधे एकच मोठा मॉनिटर आणि एकच कीबोर्ड. घरून काम करणाऱ्यांच्या टेबलावरचं हे चित्र २०२० नंतर पुण्या-ठाण्यातच काय, सातारा-सांगलीतही नवं राहिलेलं नाही. मागणी अगदी साधी असते: एक कळ दाबावी आणि सगळा बाडबिस्तरा इकडच्या यंत्रावरून तिकडच्या यंत्रावर जावा. पण ही एक कळ बसवायला निघालेला माणूस बऱ्याचदा वैतागून शेवटी टेबलाखाली वाकतो आणि हाताने केबल काढ-घाल करत बसतो.

मॅक्रो म्हणजे एका कळीवर चार कळांची साखळी बांधणं. ते दोन ओळींत होतं. गफलत होते ती जागा निवडताना. बोट कळीवर पडल्यापासून पडद्यावर काही घडेपर्यंत वाटेत ती कळ निदान तीन-चार ठिकाणी ऐकली जाते: कीबोर्डमधली चिप, मधे बसवलेला स्विच, संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम आणि कधीकधी रिमोट डेस्कटॉपच्या पलीकडचं यंत्र. आपण मॅक्रो यांपैकी कुणासाठी लिहितोय हे आधी ठरवलं, तर बाजारातल्या आणि फुकटच्या उपायांच्या गर्दीत वाट सापडते. नाहीतर प्रत्येक उपाय ‘चालायला हवा होता’ याच सदरात जमा होतो.

सगळ्यांत जुना आणि अजूनही सगळ्यांत भरवशाचा उपाय म्हणजे केव्हीएम स्विच. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माऊस तिन्ही एका डब्यात घुसतात आणि डबा ते निवडलेल्या संगणकाला जोडून देतो. सर्व्हर ठेवायच्या खोल्यांमध्ये वीस-वीस यंत्रांमागे एकच मॉनिटर असायचा, तिथून हा डबा घरात आला. त्याला हुकूम देण्याची रूढ पद्धत अशी: स्क्रोल लॉक दोनदा झटपट दाबायचं, मग पोर्टचा आकडा. काही कंपन्या स्क्रोल लॉकऐवजी कंट्रोल दोनदा दाबायला सांगतात, आणि बऱ्याच डब्यांत यातलं कुठलं हवं ते निवडता येतं.

स्क्रोल लॉकच का? आयबीएमच्या १९८१ च्या पीसीवर ही कळ होती आणि तेव्हापासून ती कीबोर्डवर टिकून आहे, पण तिला काम जवळजवळ उरलेलं नाही. एक्सेलमध्ये चुकून दाबली गेली की बाणांच्या कळा चौकटीऐवजी अख्खं पान सरकवू लागतात, एवढीच तिची आजची ओळख. जिच्यावर कुणाचा हक्क नाही अशी कळ स्विच बनवणाऱ्यांनी उचलली, यात शहाणपणच होतं. मात्र पुढे लॅपटॉपवाल्यांनी जागा वाचवायला ती काढून टाकली, ॲपलने आपल्या कीबोर्डवर तिच्या जागी एफ१४ बसवली, आणि छोट्या मेकॅनिकल कीबोर्डवर तर ती शोधूनही सापडत नाही. मॅकला साधा पीसी कीबोर्ड जोडून स्क्रोल लॉक दाबलंत तर पडद्याचा उजेड कमी होतो, कारण मॅक तिला एफ१४ समजतो. कित्येक डबे ही कळ स्वतः ऐकतात आणि पुढे संगणकालाही पाठवतात. मग दर अदलाबदलीला पडदा पायरी-पायरीने अंधारत जातो आणि मालक मॉनिटर बिघडला म्हणून तक्रार करतो.

नव्याने मॅक्रो लिहिणारे हमखास फसतात ते इथेच. विंडोजवर ऑटोहॉटकी नावाचं उत्तम फुकट हत्यार आहे. ख्रिस मॅलेट यांनी ते २००३ मध्ये आणलं, दुसरी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये पक्की झाली. त्यात एक ओळ लिहायची: अमुक कळ दाबली की स्क्रोल लॉक, स्क्रोल लॉक, दोन असं पाठव. स्क्रिप्ट निमूट चालते. चूक दाखवत नाही. स्विच मात्र ढिम्म हलत नाही. कारण कळांचा प्रवाह कीबोर्डकडून डब्यात आणि डब्यातून संगणकाकडे असा एकाच दिशेने आहे. स्क्रिप्टने तयार केलेली कळ जन्मते ती संगणकाच्या आत, म्हणजे डब्याच्या पलीकडे. घरातल्या नळात फुंकून गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह फिरत नाही.

तरीही लोकांना वाटतं की काहीतरी होतंय, कारण कीबोर्डवरचा स्क्रोल लॉकचा दिवा लागतो-विझतो. तो खरोखर लागतो. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीपासून कीबोर्डवरचे दिवे संगणकाच्या हुकमाने चालतात. कळांचा सारा प्रवास एका दिशेने, आणि उलट दिशेने जाणारी ही तीन दिव्यांची चिमुकली वाट. आज यूएसबीतही तेच: कॅप्स लॉक दाबलं की कीबोर्ड फक्त ‘ही कळ दाबली’ एवढं कळवतो, दिवा लावायचा निर्णय संगणक घेऊन परत पाठवतो. पण साधारण डबा मोजतो ते कळांचे ठोके. दिव्यांकडे पाहून तो पोर्ट बदलत नाही.

म्हणून स्विचसाठी मॅक्रो लिहायचा असेल तर तो स्विचच्या अलीकडे, खुद्द कीबोर्डच्या चिपमध्येच लिहायला हवा. दहा-पंधरा वर्षांपूर्वी हे हौशी मंडळींचं काम होतं. आता क्यूएमके या मुक्त फर्मवेअरने ते बरंच सोपं केलं आहे. टीएमके नावाच्या आधीच्या प्रकल्पातून जॅक हम्बर्ट यांनी ते फोडून वाढवलं आणि आज शेकडो प्रकारचे कीबोर्ड त्यावर चालतात. सी भाषेशी ज्यांना दोन हात करायचे नाहीत त्यांच्यासाठी व्हाया हा कार्यक्रम आहे. त्यात पडद्यावरच्या कळीवर क्लिक करून मॅक्रो भरता येतो, आणि तो कीबोर्डच्या स्मृतीत बसतो. मग कीबोर्ड कुठल्याही संगणकाला लावा, काही बसवायला नको, कंपनीच्या सुरक्षा विभागाची परवानगी नको. माझ्या मते अख्ख्या प्रश्नातला हा सर्वांत मोठा दिलासा आहे.

पण इथेही एक पथ्य पाळावं लागतं: घाई करायची नाही. माणसाच्या बोटाला कळ दाबून सोडायला कित्येक मिलिसेकंद लागतात. चिपला एकही लागत नाही. स्वस्त स्विचमधला प्रोसेसर कीबोर्डला ठरावीक अंतराने ‘काही नवीन?’ म्हणून विचारतो, आणि दोन टकटकी त्याच्या हिशेबाने फारच जवळ पडल्या तर त्यातली एक गिळतो. म्हणून चालणारा मॅक्रो साधारण असा असतो: स्क्रोल लॉक दाब, सोड, शंभर मिलिसेकंद थांब, स्क्रोल लॉक दाब, सोड, पुन्हा शंभर थांब, मग दोनचा आकडा. शंभरावर चाललं तर पन्नासवर उतरून पाहावं, नाही चाललं तर दीडशेवर चढावं. फार वर गेलात तर उलटं होतं. डबा ‘दोनदा झटपट’ची मुदत संपली असं समजतो आणि दोनचा आकडा सरळ तुमच्या चालू दस्तऐवजात उमटतो. बिनतारी कीबोर्डांच्या झेडएमके या फर्मवेअरमध्ये कळ किती वेळ दाबून धरायची आणि दोन कळांमध्ये किती थांबायचं याच्या दोन वेगळ्या तरतुदी आहेत. आधी हात घालावा तो यांनाच.

दुसरी खोच अडकलेल्या कळीची. मॅक्रो कंट्रोल धरून सुरू केला, मधेच स्विच फिरला आणि मग तुम्ही कंट्रोल सोडलात. ‘सुटली’ हा निरोप गेला दुसऱ्या संगणकाला. पहिल्याच्या लेखी कंट्रोल अजून दाबलेलीच. परत येऊन तुम्ही सहज डब्ल्यू टाइप करता आणि ब्राउझरचा टॅब मिटतो. भूतबाधा वाटणारे अर्धे किस्से इथून निघतात. शहाणा मॅक्रो आधी सगळ्या कळा सोडून देतो, मगच स्विचला हाक मारतो. क्यूएमकेमध्ये त्यासाठी एका ओळीचा हुकूम आहे, ऑटोहॉटकीतही कळ सुटेपर्यंत थांबण्याची सोय आहे. चांगले डबे ही साफसफाई स्वतःच करतात, पण कुठला चांगला हे खोक्यावर छापलेलं नसतं.

तिसरी गोष्ट खर्चाशी निगडित. महागडा गेमिंग कीबोर्ड लावला आणि स्विच फिरवणाऱ्या कळा, म्हणजे हॉटकी, बंद पडल्या, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. यूएसबी कीबोर्डचा मूळ साचा आठ बाइटचा: एक बाइट कंट्रोल-शिफ्टसारख्या कळांचा, एक राखीव, आणि उरलेले सहा एकाच वेळी दाबलेल्या सहा कळांचे. स्विचला हीच भाषा पक्की येते. एका वेळी कितीही कळा कळवणारे गेमिंग कीबोर्ड वेगळा, लांबलचक साचा वापरतात, शिवाय स्वतःची ओळख एकाच वेळी दोन-तीन उपकरणं म्हणून करून देतात. डबा गोंधळतो. उपाय दोन: कीबोर्डमधली ती सोय बंद करायची, किंवा तो डब्याच्या साध्या यूएसबी हबच्या पोर्टला लावायचा. दुसऱ्या उपायात टायपिंग उत्तम चालतं, पण त्या पोर्टवरच्या कळा डबा ऐकतच नाही, त्यामुळे हॉटकीला मुकावं लागतं.

डबाच नको म्हणणाऱ्यांची वाट वेगळी. तीन उपकरणांशी जोडी जमवणारे ब्लूटूथ कीबोर्ड आता सहज मिळतात. लॉजिटेकच्या कीबोर्डांवर तर त्यासाठी तीन स्वतंत्र बटणं असतात. इथे कळ ऐकतो तो कीबोर्ड स्वतः, त्यामुळे बदल लगेच होतो. पण माऊस मागेच राहतो. त्याचं बटण बहुधा पोटावर, म्हणजे दर वेळी उताणा करून दाबायचं. कीबोर्डपाठोपाठ माऊसने जावं म्हणून हौशी लोकांनी कंपनीच्या उपकरणांची आतली भाषा उलगडली. लिनक्सवरचा सोलार हा कार्यक्रम ‘आता दुसऱ्या संगणकाकडे जा’ असा हुकूम उपकरणाला संगणकाकडून देऊ शकतो, आणि तो हुकूम एखाद्या कळीवर बांधता येतो. पण तो हुकूम देणारा कार्यक्रम दोन्ही संगणकांवर हवा, नाहीतर गेलेला माऊस परत बोलावणार कोण?

सॉफ्टवेअरच्या वाटेचा इतिहास बराच गुंतागुंतीचा आहे. ख्रिस शोनमन यांनी २००१ मध्ये सिनर्जी सुरू केलं: एका संगणकाला लावलेला कीबोर्ड-माऊस घरच्या नेटवर्कवरून दुसऱ्यालाही पुरवायचा आणि पडद्याच्या कडेवरून माऊस पलीकडे ढकलला की पलीकडच्या पडद्यावर निघायचा. पुढे ते विकाऊ उत्पादन झालं, त्यातून बॅरियर फुटलं, बॅरियरमधून इनपुट लीप फुटलं, आणि २०२४ मध्ये सिनर्जीच्याच मुक्त मुळाला डेस्कफ्लो हे नाव मिळालं. जुन्या लेखात बॅरियर सुचवलेलं दिसलं तर त्यावर वेळ घालवू नये, डेस्कफ्लो घ्यावं. मायक्रोसॉफ्टच्या एका अंतर्गत हौशी उपक्रमातून आलेलं माऊस विदाउट बॉर्डर्स २०२३ पासून मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज या संचात मिळतं आणि चार विंडोज यंत्रं जोडतं. ॲपलचं युनिव्हर्सल कंट्रोल मार्च २०२२ मध्ये आलं. तेही छान चालतं, सगळा संसार ॲपलचा असेल तर.

सिनर्जी घराण्यात मांडणीच्या फाइलमध्ये ‘कंट्रोल-ऑल्ट-एक दाबलं की अमुक पडद्यावर जा’ असं एका ओळीत लिहिता येतं, आणि माझ्या मते कडेवरून माऊस ढकलण्यापेक्षा ते कितीतरी बरं. कडेचा खेळ पहिले दोन दिवस मजेचा वाटतो. मग कोपऱ्यातलं बंद करायचं बटण गाठताना माऊस शेजारच्या पडद्यावर निसटतो आणि तुमच्या कंपनीच्या चॅटमध्ये घरच्या वाणसामानाची यादी टाइप होते. हे रोखायला माऊस एका पडद्यावर जखडण्याची कळ आहे, आणि ती कुठली? मुळात स्क्रोल लॉकच. ज्याच्या टेबलावर डबाही आहे आणि सिनर्जीही, त्याने यातली एक आधी बदलून घ्यावी. लिनक्सवर वेलँड ही पडदा सांभाळणारी नवी प्रणाली आल्यापासून हे प्रकल्प नव्याने उभे करावे लागले, कारण कुठल्याही कार्यक्रमाने साऱ्या कळा चोरून ऐकाव्यात ही जुन्या एक्स प्रणालीतली मोकळीक वेलँडने मुद्दाम काढून टाकली. या प्रकल्पांसाठीची लिबेई ही अधिकृत वाट २०२३ मध्ये स्थिरावली. सोय गेली म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की पासवर्ड चोरणाऱ्या कार्यक्रमालाही तीच सोय होती.

हॉटकी ऑपरेटिंग सिस्टीममध्ये लिहायची तर कळ कुठली निवडायची हा निर्णय वाटतो त्याहून नाजूक आहे. बहुतेक जण कंट्रोल-ऑल्ट आणि आकडा घेतात. विंडोजमध्ये कंट्रोल आणि ऑल्ट मिळून उजव्या ऑल्टचं काम करतात, आणि इंग्लिश-इंडिया कीबोर्डवर उजवा ऑल्ट आणि चार म्हणजे ₹. हे चिन्ह २०१० साली ठरलं, आणि आता जीएसटीची बिलं करणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांना ते ठाऊक आहे. तुम्ही कंट्रोल-ऑल्ट-चार ‘चौथ्या संगणकाकडे जा’ म्हणून नेमलंत की बिलातला रुपया उमटण्याऐवजी पडदाच बदलतो. मराठी टंकलेखन करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. इनस्क्रिप्ट ही मराठी कळमांडणी चालू असताना ‘के’ची कळ ‘के’ राहत नाही, ती ‘क’ होते. अक्षरावर बांधलेली हॉटकी काही कार्यक्रमांत तेवढ्यानेच बहिरी होते. ऑटोहॉटकीत अक्षराऐवजी कळीचा स्कॅनकोड लिहिला की प्रश्न सुटतो. फर्मवेअरमधला मॅक्रो पाठवतोच मुळी कळीचा क्रमांक, अक्षर नव्हे, त्यामुळे स्विचला तुम्ही मराठीत आहात की इंग्रजीत याचं सोयरसुतक नसतं. मात्र त्याच कारणाने, मॅक्रोत कुणी इंग्रजी शब्द टाइप करायला ठेवला आणि इनस्क्रिप्ट चालू असलं, तर पडद्यावर अगम्य मराठी उमटतं.

यावर माझ्या पाहण्यातला सगळ्यांत देखणा तोडगा म्हणजे एफ१३ ते एफ२४. जुन्या टर्मिनलांच्या कीबोर्डवर या कळा खरोखर असत. आजच्या बहुतेक पीसी कीबोर्डवर त्या नाहीत, पण यूएसबीच्या कोशात त्यांना क्रमांक आहेत आणि विंडोज त्या ओळखतो. क्यूएमके कीबोर्डच्या एखाद्या कोपऱ्यातल्या कळीला एफ१९ नेमा, संगणकावरच्या स्क्रिप्टला एफ१९ ऐकायला सांगा. कुठल्याही कार्यक्रमाशी टक्कर होण्याची शक्यता जवळजवळ शून्य.

ऑपरेटिंग सिस्टीमची ताकद जिथे संपते तेही सांगायला हवं. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट ऑटोहॉटकीच्या हाती लागत नाही आणि लागूही नये. डेव्हिड ब्रॅडली यांनी १९८१ च्या पीसीसाठी ती त्रयी दोन हातांनीच दाबली जावी अशी निवडली, आणि पुढे विंडोज एनटीने तीच कळ ‘समोरचा लॉगिनचा पडदा खरा आहे’ याची खूण म्हणून राखून ठेवली. कुलूपबंद पडद्यावर तुमची स्क्रिप्ट झोपलेली असते. ॲडमिन हक्काने उघडलेल्या खिडकीत असाल तर साध्या हक्काची स्क्रिप्ट ऐकूच शकत नाही. म्हणूनच कधी हॉटकी चालते, कधी नाही, आणि माणूस कीबोर्डला दोष देतो.

रिमोट डेस्कटॉपमध्ये तारेचाच पत्ता नसतो, पण प्रश्न तोच. पूर्ण पडदाभर सत्र उघडलं की बऱ्याच विंडोज-कळा पलीकडच्या यंत्राकडे जातात. अलीकडे परतायला कंट्रोल-ऑल्ट-ब्रेक, आणि पलीकडे कंट्रोल-ऑल्ट-डिलीट पोचवायचं तर कंट्रोल-ऑल्ट-एंड. एकाच यंत्रात आभासी संगणक चालवणारे क्यूईएमयूवाले तर डावा-उजवा दोन्ही कंट्रोल एकदम दाबून कीबोर्ड आतबाहेर करतात.

आणि जिथे हॉटकी मुळातच नको असते अशीही जागा आहे. अमेरिकी शासनाच्या सुरक्षित केव्हीएमच्या निकषांत स्पष्ट अट आहे: कीबोर्डवरच्या शॉर्टकटने स्विच फिरता कामा नये, जोडलेल्या संगणकाच्या हुकमानेही नको. त्या डब्यांवर दिव्यांची ती उलटी वाटही बंद असते. गोपनीय संगणकाने दिवा लावायचा आणि पोर्ट बदलल्यावर शेजारच्या संगणकाने तो वाचायचा, अशा एकेक बिटच्या चोरीलाही वाव ठेवायचा नाही म्हणून. तिथे माणसाचं बोट आणि खरं बटण, एवढंच मान्य.

घरच्या टेबलासाठी मला स्वतःला पटलेली मांडणी याच्याशी थोडी मिळतीजुळती आहे: डब्यात व्हिडिओ आणूच नये. केव्हीएम महाग होतो तो बहुतांशी व्हिडिओमुळे, फोर-के आणि जास्त रिफ्रेश रेट म्हटलं की किंमत उड्या मारते. त्याऐवजी साधा यूएसबी स्विच घ्यावा, जो फक्त कीबोर्ड-माऊस फिरवतो, आणि दोन्ही संगणक मॉनिटरच्या दोन वेगळ्या इनपुटना कायमचे जोडून ठेवावेत. मॉनिटरला इनपुट बदलायला सांगण्याची भाषा डिस्प्लेच्या केबलमधूनच जाते. तिचं नाव डीडीसी-सीआय. त्यात इनपुट निवडीचा क्रमांक हेक्सामध्ये ६० आहे. बहुतेक मॉनिटर १५ म्हणजे पहिला डिस्प्लेपोर्ट आणि १७ म्हणजे पहिला एचडीएमआय असं समजतात, काही कंपन्या स्वतःचेच आकडे वापरतात. लिनक्सवर डीडीसीयूटिल, विंडोजवर कंट्रोलमायमॉनिटर, मॅकवर बेटरडिस्प्ले किंवा एम१डीडीसी हे हुकूम देतात, आणि ते कुठल्याही हॉटकीवर बांधता येतात.

डिस्प्ले-स्विच हा छोटा मुक्त कार्यक्रम त्याही पुढे जातो. तो कळ ऐकतच नाही, कीबोर्ड आला की गेला एवढंच पाहतो. यूएसबी स्विचचं बटण दाबलं, कीबोर्ड या संगणकावर प्रकटला, की तो मॉनिटरला इकडे ओढतो. कीबोर्ड गेला की मॉनिटर पलीकडच्या इनपुटला देऊन टाकतो. कंपनीच्या लॅपटॉपवर काही बसवायची मुभा नसली तरी तो एकट्या स्वतःच्या संगणकावर ठेवून भागतं, फक्त मॉनिटरने साथ द्यायला हवी. कीबोर्ड जाताना पडदा आपल्याच हाती असतो, त्यामुळे तो हुकूम पोचतो. कीबोर्ड परत येतो तेव्हा मात्र मॉनिटर दुसऱ्याचं चित्र दाखवत असतो, आणि काही मॉनिटर न दाखवल्या जाणाऱ्या इनपुटवरून आलेला हुकूम मानतच नाहीत. दुकानात फारसं कुणी हे तपासून देत नाही, पण मित्राकडे तो मॉनिटर असेल तर लॅपटॉप आणि दोन केबल घेऊन जावं. त्याच्या पडद्यावर दुसरं इनपुट चालू असताना आपल्या लॅपटॉपवरून डीडीसीयूटिलचा एक हुकूम सोडून पाहायला पाच मिनिटंही लागत नाहीत.